ट्रेडल मशीनपासून ई-पुस्तकाच्या मुखपृष्ठापर्यंत : आमची वाटचाल

बेळगावच्या शहापुरातील आमचा छापखाना वडिलांनी पायाने चालवायच्या एका ट्रेडल मशीनवर सुरू केला, तेव्हा लग्नपत्रिका, बिलबुके आणि गणेशोत्सव मंडळांची वर्गणीची पावतीपुस्तके हेच मुख्य काम होते. पुढे जुळणीचे धातूचे खिळे जाऊन डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी आली आणि कडोली, येळ्ळूर अशा गावांतून भरणाऱ्या मराठी साहित्य संमेलनांच्या निमित्ताने लिहित्या मंडळींशी संबंध वाढत गेले, तसे कवितासंग्रह, आत्मकथने आणि गावाचे इतिहास आमच्या टेबलावर येऊ लागले. सीमाभागातील नवख्या लेखकाला पुण्या-मुंबईचा प्रकाशक सहसा लाभत नाही. तो पदरमोड करून पुस्तक काढतो आणि प्रकाशन समारंभ उरकला की उरलेले गठ्ठे माळ्यावर जातात. डिसेंबर २०१६ मध्ये ॲमेझॉनने किंडल या आपल्या ई-पुस्तकांच्या सेवेवर मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तके आणली, तेव्हा याच लेखकांपैकी काहींनी ई-पुस्तकाची चौकशी सुरू केली आणि आमच्या व्यवसायाला नवी शाखा फुटली.

आतील मजकुराचे काम किचकट असले तरी ठरीव असते. श्रीलिपी या जुन्या फॉन्टप्रणालीतील मजकूर कोणत्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये आणणे, त्यात बिघडलेली जोडाक्षरे तपासणे, अनुक्रमणिका जोडणे, एवढे झाले की ते संपते. खरा वेळ जातो तो मुखपृष्ठाची निवड करताना, कारण लेखकाच्या डोळ्यांसमोर दुकानाच्या काउंटरवर ठेवलेले छापील पुस्तक असते, तर वाचकाला ते प्रथम दिसते मोबाइलवर, टपाल तिकिटाएवढे. केडीपी, म्हणजे लेखकाला स्वतःचे पुस्तक किंडलवर चढवता येणारी ॲमेझॉनची सेवा, तिच्यासाठी मुखपृष्ठाची फाइल २५६० पिक्सेल उंच आणि १६०० पिक्सेल रुंद असावी, अशी शिफारस आहे. एवढ्या मोठ्या आकारात पडद्यावर कोणतेही चित्र देखणेच वाटते, म्हणून आम्ही लेखकाला नमुने आधी लहान करूनच दाखवतो.

खानापूर तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकांच्या आठवणींचे पुस्तक आमच्याकडे आले होते. मुखपृष्ठावर कौलारू घर, पाऊस, गावचे देऊळ, शाळेची इमारत आणि कोपऱ्यात स्वतःचा फोटो, असे सर्व असावे, ही गुरुजींची इच्छा होती. आम्ही तो नमुना त्यांच्या म्हणण्याप्रमाणे केला, शेजारी दुसरा केला, ज्यात गडद हिरव्या पार्श्वभूमीवर फक्त एक इरले (पावसात डोक्यापाठीवर घ्यायचे पानांचे आच्छादन) होते आणि वर फिकट पिवळ्या ठळक अक्षरांत शीर्षक, आणि दोन्ही त्यांच्याच मोबाइलवर पाठवले. गुरुजींनी चष्मा काढून पुसला, मोबाइल जवळ नेला, लांब धरला आणि म्हणाले, "देऊळ दिसतंय, पण मी कुठं आहे ते मलाच सापडंना!" इरल्याची निवड त्यांनी स्वतःच केली. फोटो आतल्या पानावर, लेखक परिचयात गेला, आणि तेथे तो अधिक शोभतो.

शीर्षकाच्या अक्षरांबाबत मात्र आम्ही हटवादी आहोत. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असल्यामुळे दोन ओळींचे शीर्षक जवळ आणले की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो, आणि अक्षर नाजूक असेल तर लहान आकारात अनुस्वारच नाहीसा होतो. पत्रिकेवर शोभणारी वळणदार अक्षरे येथे कुचकामी ठरतात, हे पत्रिका छापून पोट भरलेल्या माणसाने सांगितलेले बरे. फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे आहेत की हिंदी, हेही आम्ही पाहतो. मुखपृष्ठावरील शीर्षक आणि पुस्तकाच्या नोंदीत भरलेले शीर्षक तंतोतंत जुळावे लागते, म्हणून ऱ्हस्व-दीर्घाचा निर्णय चित्राआधी होतो.

रंगांची निवड हा वादाचा दुसरा विषय. आमच्याकडील बहुतेकांना भगवा हवा असतो आणि त्याला आमची हरकत नाही. परंतु अनेक किंडल वाचनयंत्रांचा पडदा कृष्णधवल असल्याने भगवी अक्षरे मध्यम हिरव्यावर ठेवली तर दोन्हींचा राखाडी एक होतो. त्यावर आमची साधी तपासणी अशी, की नमुन्याची काळी-पांढरी झेरॉक्स काढून लेखकाच्या हातात द्यायची. पांढऱ्या पार्श्वभूमीचे मुखपृष्ठ असेल तर कडेने करड्या रंगाची बारीक रेघ देतो, अन्यथा संकेतस्थळाच्या पांढऱ्या पानात पुस्तकाची कडाच हरवते.

अलीकडे काही जण कृत्रिम बुद्धिमत्तेकडून काढून घेतलेले चित्र घेऊन येतात. असे चित्र वापरल्यास केडीपीवर पुस्तक चढवताना तशी माहिती द्यावी लागते, आणि त्या चित्रात आपोआप उमटलेल्या देवनागरीचे हाल पाहवत नाहीत, त्यामुळे अक्षरे आम्ही आमचीच बसवतो. गूगलवर सापडलेले कोणाचेही छायाचित्र मात्र आम्ही घेत नाही. परवानगीचे पत्र असेल तरच ते संगणकावर उघडले जाते.

ई-पुस्तक निघाल्यावर अनेकांना घरच्यांसाठी पन्नासेक छापील प्रती हव्याशा वाटतात. त्यासाठी कणा आणि मलपृष्ठ नव्याने करावे लागते, कण्याची जाडी पानांच्या संख्येवर आणि कागदावर ठरते, आणि पडद्यावर झळाळणारा निळा रंग छपाईच्या चार शाईंत मंदावतो. म्हणून दोन्ही आवृत्त्या काढायचा विचार असेल, तर तो मुखपृष्ठ निवडण्यापूर्वीच सांगावा, अशी आमची लेखकांना विनंती असते. तेव्हा आम्ही छपाईत टिकणारेच रंग समोर ठेवतो.