परत आलेली मेल

लिनक्स कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, एका जुन्या ड्रायव्हरच्या मेंटेनरना (तो सांभाळणाऱ्यांना) लिहिलेली मेल परत आली. असा पत्ताच नाही म्हणे. अपेक्षित होतं, तरी दुपारपासून मन कशात लागत नाहीये.

कुठला भाग कोण सांभाळतं त्या मेंटेनर्सच्या फाइलीत त्या ड्रायव्हरपुढे अजून ‘मेंटेन्ड’ आहे, खाली त्यांचं नाव. पॅरलल पोर्टच्या, म्हणजे प्रिंटर जोडायच्या जुन्या खोबणीच्या, पीसीआय कार्डाचा ड्रायव्हर. अनिकेत म्हणतो, काढून टाक, कोण वापरतंय आता. त्याचं सोपं असतं. पॅचखाली, म्हणजे कोडमधल्या बदलाखाली, सही माझी जाणार.

गिट ब्लेम लावला, कुठली ओळ कुणी कधी लिहिली ते दाखवणारा. बहुतेक ओळी एकाच कमिटवर, म्हणजे नोंदवलेल्या बदलावर, जाऊन थांबतात: एप्रिल २००५, लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्सनं कर्नल गिटमध्ये, बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, आणला तेव्हाचा. त्याआधीचं कुणी काय लिहिलं ते त्यात नाही. नंतरचे कमिट आहेत, पण कसले? लायसन्स कुठलं ते सांगणारी ठरावीक एसपीडीएक्स ओळ. एखाद्या फंक्शनचं नाव कर्नलभर बदललं म्हणून इथंही बदललेलं. लांबून पाहिलं तर फाइल नांदती वाटते. पण यातल्या कुणी ते कार्ड मशीनमध्ये बसवून पाहिलं असेल असं वाटत नाही.

शेवटचं कुणी चालवून पाहिलं, हे लॉगमध्ये कुठंच नाही. तिथंच अडतेय मी. तक्रार नाही म्हणजे वापर नाही, की बिघडलंच नाही म्हणून कुणी बोललं नाही?

मामांच्या गाळ्यावर, मार्केट यार्डात, डॉट मॅट्रिक्स रोज खडखडतोय. हिशोबपट्टीच्या प्रती कार्बनवर निघाव्या लागतात. त्याला सुया कागदावर आपटायलाच हव्यात, लेझरचं तिथं काम नाही. मशीनवर उबुंटू लिनक्स मीच टाकून दिलंय. मामा काही बग रिपोर्ट लिहायचे नाहीत. बंद पडलं तर मला फोन करतील, बस.

आणि तरी ठेवावं असंही म्हणवत नाही. डीसीसीपी या नेटवर्क प्रोटोकॉलचं आठवतं. फारसं कुणी वापरत नव्हतं, त्याचं मॉड्यूल मात्र लिनक्सच्या कितीतरी डिस्ट्रोंत (तयार आवृत्त्यांत) पडून होतं. २००५ पासूनची चूक २०१७ मध्ये सापडली, आणि तिच्या जोरावर साधा युजर रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण मालक, होऊ शकत होता. पडीक कोडची किंमत न वापरणाऱ्यांनी मोजायची, हे पटत नाही.

संध्याकाळी वाटलं, हे माझ्याच वाट्याला का? ते मेंटेनर कुठं असतील, बरे असतील ना... जाऊ दे.

लिनसनं २०१९ मध्ये फ्लॉपीचा ड्रायव्हर ‘ऑर्फन’, म्हणजे कुणी सांभाळत नसलेला, करून ठेवला, कारण चालू हार्डवेअर मिळणंच अवघड झालं होतं. काढला नाही. पुढं त्याला मेंटेनर मिळालाही. तेवढंच मलाही करता येईल. काढायचा पॅच आत्ता नाही. फक्त स्थिती बदलायची, आणि त्यांचं नाव तिथून उचलून क्रेडिट्समध्ये, योगदान देणाऱ्यांच्या यादीत, न्यायचं, त्यांनी काय लिहिलं त्या ओळीसकट. एवढं ठरवल्यावर जरा हायसं वाटलं. नाव पुसायचं नाहीये, त्यांच्यावरचा भार तेवढा उतरवायचाय.

पॅच लिहून झालाय, पाठवला नाही. मामांचा पोर्ट मदरबोर्डवरचा आहे की कार्डाचा, ते कधी पाहिलंच नाही. शनिवारी गाळ्यावर जाऊन एलएसपीसीआय, मशीनमधली कार्डं दाखवणारी आज्ञा, चालवते. कार्ड हेच निघालं, तर तपासायला माणूस आहे असं पॅचसोबत लिहीन. नाहीतर पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, असं एखादं जुनं कार्ड मिळतंय का बघते.