लेकीचं सायन्सचं वर्ष

यंदा लेकीला शाळेत सायन्स सुरू झालं आणि घरातली एक वस्तू जागेवर राहिली नाही. आधी मॅग्नेट. सगळ्या चमच्यांना लावून बघितलं, काही चिकटले काही नाही, सगळे स्टीलचेच, मग "असं का?" सुरू. तर काही स्टेनलेस स्टीलमध्ये निकेल जास्त असतं, त्याने आतली रचनाच बदलते आणि मॅग्नेट धरत नाही, हे मलाही शोधावं लागलं. वनस्पतीचे भाग वगैरे नुसतं पाठांतर, ते जाऊ दे. पण ओल्या कापसावर बी मुद्दाम उलटं ठेवलं तरी मूळ वळून खालीच गेलं, तेव्हा बाईसाहेब जाम खूश! "त्याला खाली कुठंय कसं कळतं?" अगं, मुळाच्या टोकाच्या पेशींत स्टार्चचे जड कण असतात, ते गुरुत्वाकर्षणाने खाली बसतात, त्यावरून. आता रोज डबी फिरवून ठेवते, मूळ बिचारं नागमोडी झालंय.