मालबोर्क: किल्ला बघा, मासा जपून खा

पोलंडमधल्या मालबोर्कचा किल्ला बघून आलो. आधी पैशाचं सांगतो, बाकी नंतर. पोलंडमध्ये मेनूवर माशापुढे जो आकडा असतो तो बऱ्याच ठिकाणी अख्ख्या माशाचा नसतो, १०० ग्रॅमचा असतो. मी १८ झ्लोटी वाचलं, म्हटलं चारशे रुपयात सांदाच (गोड्या पाण्यातला मासा, काटे कमी), काय वाईट आहे, आणि ऐटीत बसलो. बिल आलं तर ५२० ग्रॅम, ९३ झ्लोटी ६०. उकडलेले बटाटे वेगळे १२, कोबी-गाजराची कोशिंबीर वेगळी १०. म्हणजे एका ताटाचे अडीच हजार रुपये! वेटरला विचारलं तर त्याने शांतपणे मेनूवर बोट ठेवलं, खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं होतंच. भांडायला जागाच नाही. तर ऑर्डर देतानाच वजन किती आणि मिळून किती होणार हे कागदावर लिहून घ्या, लाजू नका. काही ठिकाणी गोलोंकाचं, म्हणजे डुकराच्या तंगडीचंही असंच वजनावर असतं. मासा चांगला होता, पण रागाच्या भरात चव लागली नाही.

आता किल्ला. भाचा जवळच्या ग्दान्स्क शहरात शिकायला आहे, त्याने सांगितलं, "मामा, दोन तासात उरकतं, दुपारी परत या, जेवायला बाहेर जाऊ." आम्हाला आत पावणेचार तास लागले आणि तरी अंबरच्या (झाडाच्या चिकाचा दगडासारखा झालेला पिवळा खडा) दागिन्यांचं म्युझियम पळत बघितलं. नंतर कळलं की हे साहेब स्वतः फक्त बाहेरून फोटो काढून आले होते. निम्मा दिवस धरून चालूच नका, अख्खा दिवस ठेवा. आणि सोमवारी जाऊ नका, आतली दालनं बंद असतात.

आपल्या डोक्यात किल्ला म्हणजे चढ. इथे चढ नाही, सपाट जमीन, शेजारी नोगात नदी आणि सगळं लाल विटांचं. तीन भाग आहेत, खालचा, मधला आणि वरचा, म्हणजे आपल्या भाषेत बालेकिल्ला. ट्युटॉनिक नाईट्स म्हणजे जर्मन धर्मयोद्धे, त्यांनी तेराव्या शतकाच्या शेवटी बांधायला घेतला आणि १३०९ मध्ये त्यांचा मुख्य माणूस व्हेनिस सोडून इथेच राहायला आला. पुढे यांच्याकडे भाडोत्री सैन्याचा पगार द्यायला पैसे उरले नाहीत, म्हणून किल्ला त्या सैनिकांकडेच गहाण पडला आणि त्यांनी १४५७ मध्ये तो सरळ पोलंडच्या राजाला विकून टाकला! आख्ख्या टूरमध्ये मला हाच किस्सा सगळ्यात आवडला.

उन्हाळी जेवणाच्या दालनात अख्खं छत एका खांबावर तोललंय. १४१० ला ग्रुनवाल्डच्या लढाईत या नाईट्सना हरवून पोलिश सैन्याने किल्ल्याला वेढा घातला तेव्हा तोच खांब उडवायचा म्हणून तोफ डागली म्हणे, नेम चुकला, गोळा भिंतीत बसला. तो अजून दाखवतात. ऑडिओ गाइड सांगतं म्हणून मान वर करून शोधत बसू नका, शेकोटीच्या वर बघा.

आणि ते संडास. बालेकिल्ल्यापासून लांबलचक गॅलरी काढून टोकाला वेगळा बुरूज बांधलाय, फक्त त्यासाठी. वाटेत भिंतीवर एक दगडी सैतान आहे, तो तिकडचा रस्ता दाखवतो. कागदाऐवजी कोबीची पानं वापरायचे असं सांगतात, त्यानंतर बायकोने दोन दिवस कोबीला हात लावला नाही, आणि पोलंडमध्ये कोबी टाळणं म्हणजे जवळजवळ उपास.

१९४५ ला निम्म्याहून जास्त किल्ला पडला होता, त्याचे फोटो आत लावलेत ते नक्की बघा. मग भिंतीतल्या जुन्या आणि नव्या विटांचा रंग वेगळा दिसायला लागतो.

वाईट पट्टा म्हणजे पायऱ्या आणि गोटे. अरुंद गोल जिने, पायऱ्या मधे झिजलेल्या, वरून माणसं उतरतायत, खालून तुम्ही चढताय. राजगड-तोरणा करणाऱ्यांना काही नाही, पण गुळगुळीत तळाचे बूट घालून आलात तर घसराल. मी घसरलो. ढुंगण अजून दुखतंय, त्यामुळे सल्ला जरा कडक येतोय, समजून घ्या. चाकाची बॅग घेऊन तर येऊच नका, स्टेशनपासून पंधरा-वीस मिनिटं चालत आहे आणि शेवटी गोट्यांवर ती बॅग जी खडखडते ना. आणि गाडीचं म्हणाल तर ग्दान्स्कहून लोकलही आहे आणि एक्सप्रेसही, एकीचं तिकीट दुसरीत चालत नाही.

फुकटची गोष्ट म्हणजे नदीवरचा पादचारी पूल. पलीकडे जा, दुपारनंतर जा, ऊन समोरून भिंतीवर पडतं. आम्ही तिथे तासभर नुसते बसलो, मासा विसरलो नाही पण राग उतरला.

जेवायचं असेल तर ग्दान्स्कला परत येऊन बार म्लेच्नी शोधा. दारूचा बार नव्हे, साम्यवादाच्या काळातली स्वस्त खानावळ, ट्रे घ्यायचा, काउंटरवर बोट दाखवायचं. झुरेक घ्या, आंबवलेल्या राईच्या पिठाचं सूप, आत पांढरी सॉसेज आणि उकडलेलं अंडं. पहिला घोट आंबिलीसारखा लागला, मी दोन वाट्या घेतल्या. शाकाहारी लोकांनी लक्ष द्या. पिएरोगी रुस्किए म्हणजे बटाटा आणि पनीरसारख्या त्वारोगचं सारण असलेल्या उकडलेल्या करंज्या (हल्ली काही ठिकाणी त्यांना युक्रेनी म्हणतात). सारण शाकाहारी असतं पण वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे टाकतात, विचारत नाहीत. ऑर्डर देतानाच "बेझ स्क्वारेक" म्हणा. बायकोने हे तिसऱ्या दिवशी शिकलं, तोपर्यंत ती कांदा समजून एकेक तुकडा कडेला काढत होती आणि एक खाल्लाही होता, तो कुरकुरीत छान लागला असं म्हणाली, मी गप्प बसलो.