देवबागातला वॉटर कूल्ड पीसी

पाणी गळलं नव्हतं. हे आधीच लिहून टाकतो, कारण ते ग्राफिक्स कार्ड माझ्या टेबलावर येईपर्यंत सगळ्यांचा निकाल देऊन झालेला होता, वडिलांचा, शेजाऱ्यांचा, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा, की पोराने कॉम्प्युटरात पाणी खेळवलं, ते गळलं आणि कार्ड गेलं.

मालवणात माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. बाहेरच्यांना वाटतं आम्ही दिवसभर विंडोज मारतो आणि व्हायरस काढतो, पण किनाऱ्यावरचा खरा धंदा खाऱ्या हवेचा. रॅमच्या पिना रबराने घासायच्या, यूएसबी पोर्टातला गंज काढायचा, आणि पावसाच्या तोंडाला विजा सुरू झाल्या की जळलेले राऊटर आणि लॅन पोर्ट घेऊन रांग लागते. बोर्डावर मिठाचा थर बसतो तो डोळ्यांना दिसत नाही, पण हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच विरघळतं. म्हणजे वरून एक थेंब न पडताही बोर्ड ओला.

तर हा पोरगा देवबागचा. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी, तिथे घर. डिप्लोमा करतोय, आणि सगळा पीसी घरी स्वतः बांधलेला, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्हीवर वॉटर ब्लॉक, म्हणजे आतून पाणी फिरून उष्णता ओढून नेणारे धातूचे ठोकळे. केस उघडल्यावर मी पहिल्यांदा काही बोललोच नाही, नुसता बघत बसलो. पीईटीजी प्लास्टिकच्या कडक नळ्या हीट गनवर वाकवलेल्या, आत सिलिकॉनची दोरी घालून वाकवल्यामुळे एकाही वळणावर चप्पट झालेली नाही, आणि कापलेली टोकं आतून-बाहेरून घासून गोल केलेली. हे टोक घासायचं काम लोक हमखास टाळतात आणि मग धारेने ओ-रिंग, म्हणजे सांध्यातली पाणी अडवणारी रबरी कडी, कापली जाते. रेडिएटर, म्हणजे तापलेलं पाणी गार करणारी जाळी, त्याने पितळ-तांब्याचाच शोधून घेतला होता, कारण तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात आलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याचा गाळ ब्लॉकच्या बारीक खाचांत जाऊन बसतो. पाणी भरताना बोर्डाला वीज न देता, सप्लायच्या २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला जोडून फक्त पंप फिरवला होता, प्रत्येक फिटिंगखाली, म्हणजे नळीच्या सांध्याखाली, टिश्यू पेपर ठेवून. शहरातली पैसे घेऊन बांधलेली मशीन्स माझ्याकडे येतात, त्यांत एवढी निगुती मी बघितलेली नाही.

वडील सोबत आले होते. "मी तेका आदीच सांगलेलंय, करंटाच्या वस्तूत पाणी घालू नको म्हणान." पोराचं एकच, "काका, खयसूनच गळूक नाय." त्यावर आई, "मगे ह्या पाणी इला खयसून?"

आईचा प्रश्नच बरोबर होता.

कार्डाच्या मागच्या बाजूला, स्लॉटच्या जवळ, हिरवट डाग आणि पांढरी खर. वर बरोब्बर एक धातूचं फिटिंग. बघणारा कोणीही म्हणेल की इथूनच गळलं. मी लूप, म्हणजे पाणी फिरण्याचा सगळा मार्ग, रिकामा केला, हातपंपाने अर्धा बार हवा भरली आणि गेज लावून रात्रभर ठेवलं. सकाळी काटा तिथेच. रिझर्व्हॉयरवर, म्हणजे पाण्याच्या टाकीवर, पोराने पहिल्या दिवशी मार्करने रेघ मारलेली होती, रिकामा करण्याआधी कूलंट, म्हणजे ते फिरणारं पाणी, त्या रेघेलाच होतं. आणि मुख्य म्हणजे कूलंट निळं होतं. निळं पाणी गळून सुकलं तर निळसर, थोडा चिकट डाग राहतो. इथे निळ्याचा पत्ताच नाही.

मग एक गोष्ट त्याच्या तोंडून सहज निघाली. घरी रेडिएटर केसमध्ये नव्हताच. घरात एसी एकच, आईवडिलांच्या खोलीत, आणि पीसी बाहेर पडवी बंद करून केलेल्या खोलीत, कारण रात्री कीबोर्डच्या आवाजाने घरच्यांची झोप मोडते. तर याने चिऱ्याच्या भिंतीला भोक पाडून रबरी नळ्या पलीकडे नेल्या आणि रेडिएटर एसीच्या झोताखाली टांगला. कुठल्यातरी व्हिडिओत बघितलं होतं. मशीन मस्त गार चालत होती म्हणे.

मी मदरबोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन सुकवला, तो चालू झाला. कार्डाशिवायच सगळं परत जोडायला लावलं आणि संध्याकाळी देवबागला गेलो. एसी लावला, मशीन काही काम न देता नुसती चालू ठेवली आणि बसून राहिलो. एसीतून निघणारी हवा १२ ते १५ डिग्री असते, आणि मशीन निवांत असल्यामुळे पाण्यात उष्णता फारशी येत नव्हती, पाणी २० च्या आसपास उतरलं. जेवण होईपर्यंत काही नाही. नंतर टॉर्च मारला तर फिटिंगला पकडीसाठी ज्या बारीक उभ्या खाचा असतात त्यांत ओल दिसली, मग खाचाखाचांतले ठिपके एकमेकांत मिसळून खालच्या कडेला एक थेंब जमला, लोंबला आणि खाली पडला. टिश्यू लावला, ओला झाला, पण पांढराशुभ्र. शेजारच्या नळीवर नुसतं धुकं, कारण प्लास्टिक थोडंफार अडवतं, धातू लगेच गार पडतो. म्हणजे पाणी जमत होतं ते नेमकं गळती होऊ शकते त्याच जागी.

फ्रीजमधली बाटली ओट्यावर ठेवली की तिला बाहेरून पाणी सुटतं ना, तेच. ३० डिग्री आणि ८० टक्के आर्द्रता असली तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी थेंब होऊन सुटायला लागतं तो आकडा, साधारण २६ डिग्री. त्याच्यापेक्षा गार काहीही ठेवा, हवा तिच्यावर पाणी सोडणारच. रेडिएटर पीसीच्याच खोलीत असेल तर हे कधीच होत नाही, कारण पाणी खोलीपेक्षा गार होऊच शकत नाही. पीसी एसीच्या खोलीत असता तरी चाललं असतं, तिथली हवा एसीने कोरडी केलेली असते. इथे गारवा एका खोलीतला आणि हवा दुसऱ्या खोलीतली. आणि पोराला कधी दिसलं नाही ते यामुळे की तो समोर बसायचा गेम खेळताना, तेव्हा ३००-३५० वॉटच्या उष्णतेने पाणी दवबिंदूच्या वर यायचं. पाणी सुटायचं रात्री, डाऊनलोड लावून झोपल्यावर. सकाळी एसी बंद, पाणी परत कोमट, थेंब सुकलेले, मागे फक्त मीठ आणि तांब्याचा हिरवा गंज.

सर्व्हिस सेंटरने फोटो बघून लिक्विड डॅमेज लिहून वॉरंटी बाद केली. शब्द चुकीचा नाही, पाण्यानेच कार्ड गेलं. पण ते कुठलं पाणी हे विचारायची तसदी कोणी घेतली नाही, आणि त्या एका शिक्क्यावर घरात त्या पोराच्या हाताला नाव ठेवलं गेलं. याचा मला अजून राग आहे. मी वडिलांना तो पांढरा टिश्यू हातात देऊन सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण म्हणाले, "म्हंजे पाणीच ना शेवटी."

आता रेडिएटर केसवर आहे, भिंतीचं भोक सिमेंटने बुजवलं. गेम खेळताना पाणी ४० च्या आसपास जातं आणि त्याने काहीही बिघडत नाही. पण पोरगा थांबणारा नाही. त्याने मला नकाशा काढून पाठवलाय, खोलीत तापमान-आर्द्रतेचा सेन्सर, लूपमध्ये पाण्याचा सेन्सर, पाणी उतरत दवबिंदूच्या दोन डिग्री वरपर्यंत आलं की एसीकडची फेरी बंद. डोकं चांगलं लावलंय. माझी शंका आकड्यांची आहे. आपल्याकडे ३० ची खोली आणि २६ चा दवबिंदू, त्यात दोन डिग्री राखायच्या, म्हणजे एवढा खटाटोप करून पाणी खोलीपेक्षा गार होणार ते फक्त दोन डिग्री. उन्हाळ्यात घाटावर कोरड्या हवेत दवबिंदू खूप खाली असतो, तिथे हा प्रयोग शोभतो, आणि व्हिडिओ करणारे तसल्याच हवेत बसलेले असतात. आपल्या किनाऱ्यासाठी कोणी व्हिडिओ करत नाही.

कार्ड अजून माझ्याकडेच आहे. १२ व्होल्टच्या लाइनवर शॉर्ट आहे, पॉवर सेक्शनमधला एक मॉस्फेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारा छोटा पार्ट, गेलाय असा अंदाज, तसाच पार्ट मिळाला की बदलून बघणार, मजुरी घेणार नाही. रत्नागिरी, अलिबागकडे कोणी दवबिंदूवर चालणारा लूप खरंच वर्षभर, पावसाळ्यासकट चालवला असेल तर मला सांगा, पोराला उत्तर द्यायचंय आणि नुसत्या हिशेबावर नाही म्हणायला जीव होत नाही.