गाडी उभी केल्यानंतरचा अर्धा तास

बाबांची गाडी आता 27 वर्षांची झाली. मध्यंतरी तिला एक खोड लागली होती. सकाळी पहिल्या सेल्फला चालू व्हायची, पण लांबून येऊन दहा मिनिटं थांबलो की काही केल्या उठायची नाही. अर्ध्या तासाने पुन्हा काही झालंच नाही अशी चालू. बॅटरी बदलून झाली, फ्युएल पंप बदलून झाला. शेवटी दोष सापडला क्रँक सेन्सरच्या, म्हणजे इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणाऱ्या सेन्सरच्या, वायरीत. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या लोखंडी नळ्यांच्या) मागून जाणारा वीतभर तुकडा मी बोटाने जरा वाकवला, तर वरचं आवरण वाळक्या काटकीसारखं कटकन तुटलं. आतली तांब्याची तार हिरवी पडली होती.

गाडी धावत असते तेव्हा वारा आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) उष्णता वाहून नेतात. इंजिन बंद केलं की दोन्ही थांबतात, आणि शेकडो अंशांवर तापलेल्या मॅनिफोल्डची धग बॉनेटखाली कोंडते. म्हणून गाडी उभी केल्यावर आतलं तापमान आधी वाढतं, मग उतरतं. साध्या पीव्हीसी वायरीची मर्यादा 80 ते 105 अंश सेल्सिअस. वर्षानुवर्षं असं शेकून तिला लवचीक ठेवणारं रसायन उडून जातं.

पण वायर हा बळी होता. मॅनिफोल्डवर मला बोल्टची रिकामी भोकं दिसली. मागे कधीतरी गॅस्केटचं काम करताना तिथला हीट शील्डचा, म्हणजे धग अडवणारा, पत्रा काढला आणि परत बसवलाच नाही. या पत्र्याला फालतू समजतात याचं मला फार वाईट वाटतं. आधी तो मिळवून बसवला. मग सेन्सर वायरीसकट नवा टाकला, कारण तडकलेल्या वायरीवर स्लीव्ह (उष्णता अडवणारं नळीसारखं आवरण) चढवणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. नव्या वायरीवर सिलिकॉनचा लेप असलेली काचतंतूची स्लीव्ह घातली, ती साधारण 260 अंश सोसते. प्लॅस्टिकच्या केबल टायऐवजी धातूचे क्लॅम्प लावून वायर मॅनिफोल्डपासून चार बोटं लांब नेली. ही चार बोटं कुठल्याही स्लीव्हपेक्षा जास्त उपयोगी. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची स्लीव्हसुद्धा मध्ये हवा असेल तरच काम करते. तापलेल्या भागाला टेकली की तिचा फायदा संपला. काळी चिकटपट्टी तर इंजिनजवळ नकोच. तिचा गोंद वितळून सगळं बरबटतं. तिथे वायरिंगची कापडी टेप हवी.

मॅनिफोल्डलाच उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळा असंही सुचवलं गेलं. मी नाही गुंडाळली. ती ओल धरते आणि जुनं लोखंड आतून गंजतं.

होज पाइपांचं दुखणं वेगळं. कूलंटचा होज वरून नवा दिसतो आणि आतून, क्लॅम्पच्या जवळ, उभा चिरत जातो. इंजिन पूर्ण थंड असताना क्लॅम्पशेजारी दोन बोटांत दाबायचा, मग मधोमध दाबायचा. टोक जास्त लिबलिबीत लागलं किंवा आत काही करकरल्यासारखं जाणवलं, तर तो बदलायचाच.

पेट्रोलच्या होजबाबत मात्र हात जोडून सांगतो: कूलंटच्या होजचा तुकडा तिथे कधीही लावू नका. ते रबर पेट्रोलने फुगतं. सिलिकॉनचा होजही नको, त्यातून पेट्रोलची वाफ झिरपते. इंधनासाठी बनवलेलाच होज हवा, आणि स्लीव्ह चढवायची ती कुठे पाझरत नाही हे बघूनच, नाहीतर गळती आत लपून राहील.

हीटरचे मागचे दोन होज अजून राहिलेत. तिथे हातच पोचत नाही. येत्या रविवारी एअर फिल्टरचा डबा काढून बसणार आहे, बाबा टॉर्च धरतो म्हणालेत.