कारण न कळता गेलेलं जनावर, आठवड्यात वाळलेलं झाड

आधी एक सूचना, कारण तिला वेळेची मर्यादा आहे. कुत्रा किंवा मांजर अचानक गेलं आणि ते का गेलं हे जाणून घ्यायचं असेल, तर देह डीप फ्रीझरमध्ये ठेवू नका. गोठताना पेशी फुटतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली फारसं काही दिसत नाही. साधा फ्रिज, म्हणजे ४ अंश सेल्सिअसच्या आसपासचं तापमान, हे बरोबर. मोठा कुत्रा फ्रिजमध्ये मावत नाही. त्याचे केस गार पाण्याने भिजवा, पोटाला आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या लावा, देह जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि सावलीतल्या फरशीवर ठेवा. पुण्यातल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात काही तासांतच आतडी कुजायला लागतात. म्हणून शवविच्छेदन शक्यतो त्याच दिवशी, उशिरात उशिरा २४ तासांत व्हायला हवं.

सगळे खासगी दवाखाने ते करत नाहीत. आपल्या डॉक्टरांना फोन करून सरळ विचारा, आणि त्यांच्याकडे सोय नसेल तर त्यांच्याकडूनच पुढचा संपर्क घ्या. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. देह शिवून परत मिळेल का, तेही आधीच विचारा. अशा वेळी ‘त्याला आता आणखी त्रास नको’ असं घरातलं कोणीतरी म्हणतंच, आणि ते मायेपोटीच असतं. पण घरात दुसरं जनावर असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: तपासणी करून घ्या.

उलटी, अर्धवट खाल्लेलं अन्न, अंगणात सापडलेली संशयास्पद गोळी हे मात्र स्वच्छ काचेच्या बाटलीत भरून तारीख-वेळ लिहून फ्रीझरमध्येच ठेवा. विषाच्या तपासणीला गोठलेला नमुना चालतो. हातात ग्लव्ह्ज हवेतच. झिंक फॉस्फाइड हे उंदरांचं काळसर औषध पोटात गेलं असेल, तर उलटीतून विषारी वायू निघतो. लसणासारखा वास आला तर खिडक्या उघडा आणि लांब व्हा. आणि जनावर जाण्याआधी त्याचं वागणं बदललं असेल, लाळ गळत असेल, घशातून आवाज निघत नसेल किंवा ते कुणाला चावलं असेल, तर रेबीजची शक्यता धरून डॉक्टरांना हे पहिल्या वाक्यात सांगा. ज्यांच्या जखमेला किंवा डोळ्या-तोंडाला लाळ लागली असेल, त्यांनी त्याच दिवशी लस सुरू करावी.

आता संशयाबद्दल. तोंडाला फेस दिसला की ‘कुणीतरी विष घातलं’ हा निष्कर्ष पाच मिनिटांत निघतो आणि बोट शेजाऱ्याकडे जातं. पण हृदय बंद पडताना फुप्फुसात पाणी भरलं, उष्माघात झाला, तरी फेस येतो, तोही लालसर. मेल्यावर रक्त खालच्या बाजूला साठतं आणि तिथली कातडी मारल्यासारखी काळीनिळी दिसते. पोट फुगणं, मलमूत्र सुटणं, जीभ निळी पडणं हेही मृत्यूनंतर होतं. यातल्या कशावरूनही विषप्रयोग सिद्ध होत नाही.

प्रत्यक्षात धडधाकट वाटणारं जनावर जातं ते बहुधा आतल्या आत वाढलेल्या कारणाने. डॉबरमनच्या हृदयाचा स्नायू सैल होत जातो आणि एक दिवस ठोक्यांची लय बिघडते. मांजरांत उलट, तो स्नायू जाड होतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये प्लीहेवरची गाठ फुटून पोटात रक्तस्राव होतो. अशा वेळी हिरड्या पांढऱ्याफटक पडतात. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचं जठर पीळ बसून फुगतं, तेव्हा काही तासांचाच अवधी असतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला बंद फ्लॅटमधली मेची दुपार पुरते. टेकडीलगतच्या सोसायट्यांत साप विसरू नका: मण्यार रात्री चावते, सूज जवळजवळ येत नाही, दाताची खूण केसांत सापडत नाही. पिंजऱ्यातले बजरीगर एकाएकी मरून पडले, तर आधी स्वयंपाकघरात नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला होता का ते बघा. त्या धुराने पक्षी मिनिटांत जातात.

विषबाधाही होतेच. ब्रोमॅडिओलोनच्या उंदराच्या वड्या खाल्ल्यावर रक्त गोठणं थांबतं, पण लक्षणं ३ ते ५ दिवसांनी दिसतात. त्यामुळे ‘काल काय खाल्लं’ हा प्रश्न अपुरा पडतो, मागचा आठवडा आठवावा लागतो. घरातल्या दुसऱ्या कुत्र्याची रक्त गोठण्याची चाचणी लगेच करून घ्या. वेळेत कळलं तर व्हिटॅमिन के-१ ने तो वाचतो. मुद्दाम विष घातल्याचा ठोस संशय असेल, तर पोलिसांत तक्रार द्या. प्राण्याला मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, आणि तपासात विषाचे नमुने न्यायसहायक प्रयोगशाळेकडे पोलिसांमार्फतच जातात. म्हणून तक्रार शवविच्छेदनाच्या आधी हवी.

एकाच आठवड्यात कुत्रा गेला आणि कुंड्याही वाळल्या, की माणसं फार घाबरतात. घराला नजर लागली, करणी झाली, घरावरचं संकट मुक्या जिवाने अंगावर घेतलं. हे बोलणाऱ्यांवर चिडू नका, त्यांनाही उत्तरच हवं असतं. त्याऐवजी कागद घ्या आणि मागच्या १५ दिवसांची नोंद तारखेनुसार लिहा: पेस्ट कंट्रोल, पाण्याची टाकी धुणं, टँकर, नवं खत, नवी माती, माळ्याने किंवा सोसायटीने मारलेलं तणनाशक.

यात मी सर्वांत आधी खताची पिशवी तपासेन. एरंडीची पेंड नीट प्रक्रिया केलेली नसेल तर तिच्यात रायसिन हे विष उरतं. बोनमीलबरोबर, म्हणजे हाडांच्या चुऱ्याबरोबर, मिसळली की तिचा वास कुत्र्याला ओढून आणतो, आणि काही तासांपासून दिवसभरात रक्ताच्या उलट्या-जुलाब सुरू होतात. तीच कच्ची पेंड कुंडीत मूठमूठ घातली, तर कुजताना तापते, अमोनिया सोडते आणि मुळं भाजते. एका पिशवीने दोघं जातात. कुत्रं असलेल्या घरात निंबोळी पेंड वापरा, तीही आधी कुजवून. थिमेट या कीटकनाशकाचं तसं नाही. त्याने झाड मरत नाही, जनावर मरतं: लाळ, डोळ्यांत पाणी, बारीक झालेल्या बाहुल्या, थरथर. फोरेटवर, म्हणजे थिमेटवर, २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे, तरी जुना डबा माळ्याच्या खोलीत असू शकतो. पावसाळ्यात गोगलगायींसाठी टाकलेल्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्याही तितक्याच घातक. सायकसच्या बिया आणि कण्हेर ही तर आपल्या बागांतलीच विषं.

नोंदीत काहीच जुळलं नाही, तर बहुधा दोन वेगळी कारणं एकाच वेळी आली आहेत. पावसाळ्यात हे सहज होतं. तेव्हाच लेप्टो आणि पार्व्हो हे कुत्र्यांचे संसर्गजन्य आजार वाढतात, तेव्हाच मुळं कुजतात.

झाडाचं शवविच्छेदन घरी करता येतं. आधी नखाने साल खरवडा. खाली हिरवं असेल तर झाड जिवंत आहे, थांबा. नसेल तर मुळासकट उपटा. मूळ तपकिरी, बुळबुळीत, आणि ओढल्यावर वरची साल निघून आत दोरा उरत असेल, तर पाणी साचून कूज झाली. मुळं कुरतडलेली असतील तर मातीत हुमणीची पांढरी, वाकडी अळी शोधा. मुळं धड आहेत पण झाड हिरवंच्या हिरवं मान टाकून गेलं, तर खोड कापा. आत तपकिरी रेघा म्हणजे मर रोग. टोमॅटो-वांग्यात बुडाजवळचा ५ सेंटिमीटरचा तुकडा पाण्याच्या ग्लासात टांगा. काही मिनिटांत दुधासारखा धागा खाली उतरला, तर तो जिवाणूंचा मर रोग, आणि ती माती पुन्हा त्या पिकांना वापरायची नाही. पानांच्या फक्त कडा जळाल्या असतील तर क्षार, म्हणजे टँकरचं पाणी किंवा जास्त खत. तणनाशकाचा संशय असेल तर त्या मातीत आणि शेजारी चांगल्या मातीत घेवड्याचे ५-६ दाणे लावा. दोनतीन आठवड्यांत पहिल्या कुंडीतली पानं वेडीवाकडी आली, तर संशय खरा. ग्लायफोसेट हे तणनाशक मात्र मातीला घट्ट धरून बसतं, ते या चाचणीत सापडत नाही.

शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयातल्या वनस्पती रोगशास्त्र विभागाला दाखवायचं असेल, तर पूर्ण मेलेलं झाड नेऊ नका, त्यावर नंतरच्या बुरशा वाढलेल्या असतात. अर्धवट आजारी झाड मुळासकट, वर्तमानपत्रात गुंडाळून न्या. प्लॅस्टिकमध्ये ते वाटेतच कुजतं.

तुळशीसाठी वेगळं लिहायला हवं, कारण तिच्या जाण्याने घरातली वडीलधारी माणसं हादरतात. तुळशीच्या लग्नानंतर मंजिऱ्या पिकतात आणि पुण्यातली डिसेंबरची थंडी पडते. बी धरलेली तुळस त्यात वाळते, हा तिचा जीवनक्रम आहे. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडा, पाणी कमी करा, आणि बी आधीच पेरून ठेवा.

सगळं करूनही कधी कधी अहवालात ‘कारण निश्चित नाही’ असंच येतं. ठोक्यांची लय बिघडून आलेला मृत्यू शरीरावर खूण ठेवत नाही. त्या अहवालाचाही उपयोग आहे: संसर्ग, रक्तस्राव, गाठ, पीळ यांपैकी काही आढळलं नाही, हे त्यातून कळतं, आणि घरच्यांचं ‘माझ्याच हातून काही राहिलं का’ हे पुष्कळसं त्याने सुटतं. लहान मुलांना ‘झोपला’ किंवा ‘गावाला पाठवला’ सांगू नका. झोपेचीच भीती बसते किंवा वाट बघणं संपत नाही. ‘तो मेला, त्याचं शरीर थांबलं, कशामुळे ते डॉक्टरांनाही कळलं नाही’ एवढं चार वर्षांच्या मुलाला पुरतं. संसर्गाची शंका नसेल तर दुसऱ्या कुत्र्याला देह हुंगू द्या, म्हणजे तो घरभर शोधत फिरण्याची शक्यता कमी होते.

नवं पिल्लू आणण्याआधी मात्र आधीचा कुत्रा पार्व्होने गेला नव्हता ना, याची खात्री करून घ्या. तो विषाणू मातीत वर्षभरही टिकतो. फरशी आधी साबणाने धुवा, मग ३० भाग पाण्यात १ भाग ब्लीच घालून १० मिनिटं ओली ठेवा. माती अशी निर्जंतुक होत नाही, म्हणून पिल्लाचे लसीचे सगळे डोस पूर्ण होईपर्यंत त्याला त्या अंगणात सोडू नका.