हौदातलं पाणी हलत नाही, म्हणून नळ बंद असतो का?

रविवारी इंदूरच्या लोकमान्य नगरात पोह्यांवर शेव-जीरावण पडायच्या आधीच धाकट्या जाऊबाईंनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट पुढे सरकवला. "वहिनी, साखर ९९ म्हणजे नॉर्मल ना? मग खाली हे होमा-आयआर ४.४ ठळक कशाला छापलंय?" घरात गणित शिकवणारी मी एकटी, त्यामुळे लाइटबिलापासून लिपिड प्रोफाइलपर्यंत आकडे असलेला कुठलाही कागद माझ्याकडेच येतो.

होमा-आयआर म्हणजे शरीर इन्सुलिनला किती दाद देईनासं झालंय याचा अंदाज. उपाशीपोटी इन्सुलिन १८, साखर ९९. गुणून ४०५ ने भागलं की ४.४. हा ४०५ माझा लाडका. साखर मिलिग्रॅममधून मिलिमोलमध्ये न्यायला १८ ने भागतात, उरतात २२.५, म्हणजे ५ गुणिले ४.५. निरोगी माणसाचं उपाशीपोटीचं इन्सुलिन ५ आणि साखर ४.५ धरली, की होमा बरोबर १ यावा अशी बेतलेली रचना. ऑक्सफर्डच्या मंडळींनी १९८५ मध्ये हे मांडलं, तेव्हा त्यामागे यकृत आणि स्वादुपिंड एकमेकांना कसे आवरतात याची समीकरणं होती. रिपोर्टावर येतं ते त्यांचं झटपट रूप. जाऊबाईंना म्हटलं, साखर ९९ वर आहे खरी, पण तिला तिथे ठेवायला स्वादुपिंड बहुधा जास्त राबतंय, डॉक्टरांना दाखवून या. निदान करणं हा काही माझा प्रांत नाही.

पण स्थिर आकडा किती लपवतो, हे मला वर्गात नेहमी सांगावंसं वाटतं. नर्मदेचं पाणी हौदात भरून ठेवणाऱ्या इंदूरच्या पोरांना विचारते: हौदाची पातळी हलत नाहीये, तर नळ बंद आहे, की नळ आणि गळती दोन्ही जोरात आहेत? नुसतं बघून कळत नाही. नळ बंद करा आणि पाणी किती भराभर उतरतं ते मोजा.

एचआयव्हीच्या बाबतीत अगदी हेच झालं. लागण झाल्यावर रक्तातला विषाणू वर्षानुवर्षं जवळपास एकाच पातळीवर असायचा, त्यामुळे या काळात तो सुस्त पडून असतो असा समज होता. १९९५-९६ मध्ये एड्सवर संशोधन करणारे डॉक्टर डेव्हिड हो आणि अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेचे ॲलन पेरेल्सन यांनी नवी औषधं दिलेल्या रुग्णांमधली विषाणूंची घसरण मोजली. १९९६ च्या कामात रुग्ण अवघे पाच. पण रक्त इतक्या वारंवार घेतलेलं, की औषधानंतर आलेख आधी जरासा रेंगाळतो आणि मग कोसळतो, हे वळणसुद्धा दिसलं. त्या वळणातून त्यांनी दोन वेग वेगळे काढले: मोकळ्या विषाणूचं अर्धायुष्य (निम्मे नष्ट व्हायला लागणारा वेळ) सुमारे ६ तास, लागण झालेल्या पेशीचं सुमारे १.६ दिवस. म्हणजे शरीरात रोज जवळपास १,००० कोटी विषाणू तयार होत होते आणि तेवढेच नष्टही होत होते. रोज इतक्या प्रती निघाल्या तर उत्परिवर्तनं होणारच, आणि एकट्या औषधाला विषाणू लवकर दाद देईनासा होणार. अनेक औषधं एकत्र द्यायच्या उपचारामागे हे गणित भक्कम उभं राहिलं. साध्या अवकल समीकरणांनी, म्हणजे बदलाचा वेग मांडणाऱ्या समीकरणांनी, याहून मोठं काम केल्याचं उदाहरण मला तरी पटकन आठवत नाही.

हॉर्मोनचं प्रकरण जास्त खोडकर. कॉर्टिसोल हे ताणाचं हॉर्मोन सकाळी जास्त, रात्री कमी, हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण त्या चढउतारावर साधारण तासातासाच्या लाटा असतात. मेंदूतच कुठेतरी घड्याळ असणार, असं वाटतं. ब्रिटनमधल्या ब्रिस्टलच्या गटाने २०१० मध्ये गणिती मॉडेलमध्ये मेंदूकडून येणारा इशारा मुद्दाम स्थिर ठेवला, तरीही लाटा आल्या! मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे हॉर्मोन सोडते, मूत्रपिंडावरची ॲड्रिनल ग्रंथी त्यावर कॉर्टिसोल बनवते आणि ते कॉर्टिसोल पिट्युटरीला दाबतं; या फेरीतला थोडा उशीर लाटा उठवायला पुरेसा होता. २०१२ मध्ये त्यांनी उंदरांना सीआरएच, म्हणजे मेंदूकडून पिट्युटरीला येणारा तो इशारा, सलग, एकसारखं दिलं. मध्यम मात्रेला त्यांच्या हॉर्मोनच्या लाटा उमटल्या, मोठ्या मात्रेला उमटल्या नाहीत. मॉडेलनेही तेच सांगितलं होतं.

त्यामुळे कॉर्टिसोलचा एकच आकडा म्हणजे लाटेवरचा एक ठिपका, तोही सुई नेमकी कधी टोचली त्यावर ठरणारा. ॲड्रिनल कमी पडतेय असा संशय आला, की डॉक्टर कृत्रिम एसीटीएचचं इंजेक्शन देतात आणि ३० किंवा ६० मिनिटांनी पुन्हा रक्त घेऊन कॉर्टिसोल किती उसळतं ते बघतात.